बीएस-६ स्कूलबस, डीपीएफ, एबीएस, जीपीएस: चालक नवं तंत्र का नाकारतात आणि कुठे त्यांचं बरोबर असतं (सोलापूर)

सातरस्ता
शाळेच्या ताफ्यात धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या नियमांच्या बीएस-४ आणि नव्या, कडक नियमांच्या बीएस-६ अशा दोन्ही बस असल्या की एकच चित्र दिसतं. मुरलेले चालक जुनी गाडी मागून घेतात आणि नवी गाडी नवख्याच्या गळ्यात पडते. नव्या गाडीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या: मध्येच दिवा लागतो, ओढ कमी होते, उभ्या गाडीचा फॅन भणभणत राहतो, ब्रेक मारला की फुसफुस आवाज येतो, साठाच्या वर पळत नाही, आणि वर ऑफिसात बसलेल्याला सगळं दिसतं.

यातलं अज्ञान किती, हट्ट किती आणि खरोखर गाडीचं किंवा मालकाचं चुकतं किती? ज्यांना यंत्राची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं. "ड्रायव्हर लोकांना शिस्तच नाही" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

डिझेलमिस्त्री
डीपीएफपासून सुरुवात करतो, कारण निम्मी भांडणं तिथली.

सायलेन्सरच्या लाइनीत एक सिरॅमिकची जाळी असते, ती काजळी धरते, तोच डीपीएफ. ही काजळी जाळून जाळी मोकळी करायची तर आत ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. शाळेची बस सात रस्ता ते विजापूर रोड ते जुळे सोलापूर अशी थांबत थांबत पंधरा-वीसच्या वेगाने फिरते, तेव्हा धूर जेमतेम २००-२५० अंशांवर असतो. मग गाडी स्वतःच काजळी जाळायला घेते. सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारून धुराची उष्णता वाढवते. यालाच रीजन म्हणायचं.

चालकाला त्यातलं काय दिसतं? आयडल थोडा चढतो, रेडिएटरचा फॅन जोरात फिरतो, गरम लोखंडासारखा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडतं. त्याला वाटतं गाडी तापली. जुन्या गाडीवर तापलेलं इंजिन बंद करणं हेच शहाणपण होतं, म्हणून तो किल्ली फिरवतो. रीजन अर्धवट राहतं आणि जादा फवारलेल्या डिझेलचा काही भाग पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. असं चार-पाच वेळा झालं की ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलेलं बघून खूश होणारे मालकही आहेत. ते ऑइल नसतं, डिझेल मिसळलेलं असतं, त्यावर बेअरिंग खराब होतात. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर ऑइल बदलायचं, काढून कमी करायचं नाही.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा मुलं उतरवल्यावर रिकामी बस तुळजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याला न्यायची आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर २५ ते ३० मिनिटं सलग पन्नासच्या आसपास चालवायची. टॉप गिअर टाकून इंजिन रेंगाळू द्यायचं नाही. एक गिअर खाली ठेवून १८०० ते २२०० आरपीएम राखायचा. या फेरीचं डिझेल मालकाने वेगळ्या खात्यात धरायचं. चालकाच्या अ‍ॅव्हरेजमध्ये धरलं तर तो ती फेरी मारणार नाही, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दिव्यांचा क्रम बहुतेक गाड्यांत असा: डीपीएफचा दिवा स्थिर म्हणजे लांब फेरी मारा. लुकलुकतोय म्हणजे आजच्या आज उभं रीजन करा. सोबत चेक इंजिन आणि ओढ कमी म्हणजे स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. कंपनीप्रमाणे चित्र थोडं बदलतं, पुस्तिका बघा.

आणि ऑइल. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑइल लागतं. सीके-४ दर्जाच्या ऑइलमध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा १ टक्का आहे. जुन्या गाडीचं उरलेलं बॅरल नव्या बसमध्ये संपवायचा मोह अंगाशी येतो. जाळी भरली की बोलणी मात्र चालकाला.

बाराबंदी
मिस्त्रींनी उभ्या रीजनचा उल्लेख केलाय, त्यात भर. हातब्रेक लावलेला, गाडी न्यूट्रलला, मग रीजनचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं. चालू झाल्यावर क्लच किंवा ब्रेकवर पाय ठेवला तरी बऱ्याच गाड्यांत ते रद्द होतं, मग पोरगा म्हणतो बटणच खराब हाय. २० ते ४० मिनिटं लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कुठं उभी केलीय ते बघा की ओ. धुराड्याच्या तोंडाशी कडबा, उसाचं पाचट, वाळलेलं गवत काही नको. आपल्याकडं शाळेच्या गाड्या रात्री वस्तीवर, गोठ्याशेजारी लावतात. तिथं रीजन अजिबात नको. फरशी किंवा मोकळी मुरमाड जागा, मागं भिंतीपासून दोन मीटर तरी अंतर, आणि पोरं लांब.

कडबागंज
आमचा धंदा ट्रकचा, पण प्रश्न तोच. डीपीएफ समजलं. युरियाचं काय? चालक म्हणतो शंभर लिटर डिझेलला पाच लिटर गेला, मालक म्हणतो तू विकलास. दुसऱ्या गाडीचा चालक तीन लिटरच दाखवतो, त्याला शाबासकी. खरं कोणाचं मानायचं?

डिझेलमिस्त्री
अण्णा, शाबासकी चुकीच्या माणसाला मिळत असण्याची शक्यता आहे.

डीईएफ, म्हणजे आपण ज्याला युरिया म्हणतो ते धूर स्वच्छ करायला फवारायचं द्रावण: ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. साधारण डिझेलच्या ४-५ टक्के खप धरायचा. भार, चढ, गाडीचं मॉडेल यांनी थोडं वरखाली होतं. एकाच मॉडेलच्या, एकाच मार्गावरच्या दोन गाड्यांत एकीचा खप अचानक खूप कमी झाला तर तिचा डोझिंग इंजेक्टर (युरिया फवारणारं नोझल) चोंदलाय का, की कुणी पाणी मिसळलंय, हे आधी तपासा. कमी खप म्हणजे बचत नव्हे. सिस्टिम नायट्रोजन ऑक्साइड मोजते. ते वाढलं की दिवा, मग ताकदीत कपात, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी रांगायला लागते. चालकांना "गाडीने दगा दिला" वाटतं ते हेच. टाकी रिकामी ठेवली तरी हेच होतं. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, तरी आजही डीईएफ संपल्यावर गाडी का रांगते हे कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं.

शेतीचा युरिया विरघळवून टाकणारे अजून भेटतात. त्यात बाययुरेट आणि इतर घाण असते, नोझलवर पांढरे खडे धरतात. बोअरचं पाणी घातलं तर क्षार कॅटॅलिस्टवर (धूर शुद्ध करणाऱ्या भागावर) बसतात, ते निघत नाहीत. नोझलच्या बाहेरचे युरियाचे खडे मात्र कोमट पाण्याने विरघळतात, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका.

आता सहसा कुणी न सांगणारी गोष्ट. किल्ली बंद केल्यावर डीईएफचा पंप आणखी एक-दोन मिनिटं गुणगुणतो. लाइनीत उरलेला युरिया तो टाकीत परत ओढत असतो. आपल्याकडे मालकांची सक्त ताकीद असते की गाडी उभी केली की लगेच बॅटरीचं कटऑफ पाडायचं. चालक इमानदारीने पाडतो. युरिया लाइनीतच राहतो, वाळतो, खडा धरतो आणि महिन्या-दोन महिन्यांत इंजेक्टर जातो. शिस्तीने वागणाऱ्या चालकाच्या गाडीला हा बिघाड जास्त येतो आणि मग तोच म्हणतो, नवी गाडी नको. कटऑफच्या खटक्याशेजारी पाटी लावा: किल्ली बंद, दोन मिनिटं थांबा, मग खटका.

होटगीरोड
चुकीच्या टाकीचंही सांगून टाकतो. युरिया टाकीचं झाकण निळं असतं आणि तोंड बारीक, १९ मिमी नोझलचं. पंपावरचं डिझेलचं नोझल त्यात बसतच नाही. पण कॅनमधून नरसाळ्याने भरताना ही सोय निरुपयोगी ठरते. डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर किल्ली ऑनसुद्धा करायची नाही, टाकी उतरवायची. उलटं झालं तरी तसंच, कारण थोडं डिझेलसुद्धा पंपाची सीलं फुगवतं. त्या नरसाळ्याला दुसरं काही लावायचं नाही, ऑइल तर नाहीच.

वाहतूकशास्त्र
यावर व्यवस्थापनशास्त्रात बराच विचार झालाय. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप मांडलं. माणूस नवं साधन स्वीकारतो ते दोन गोष्टी बघून: याचा मला उपयोग होईल का, आणि हे वापरायला सोपं जाईल का. २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात भोवतालच्या लोकांचा प्रभाव आणि मदतीची सोय हे घटक जोडले. वर आलेली उदाहरणं या चौकटीत बसतात. रीजनचा उपयोग चालकाला दिसत नाही, त्रास दिसतो. बिघडलं तर मदत नाही, उलट पगारातून कपात.

कडबागंज
मॅडम, चौकट बरोबर असेल, पण त्यात मालक कुठे बसतो? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात सोलापूर-विजापूर ट्रक हाकणारा एकही चालक एसीला नाही म्हणणार नाही. नाकं मुरडली ती मालकांनी, डिझेल जास्त लागेल म्हणून. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. फास्टॅगला सुरुवातीला सगळ्यांनी शिव्या घातल्या, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्ती झाल्यावर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस अशा नाक्यांवर सुट्ट्या पैशांची कटकट आणि रात्री गल्ला सांभाळायची धास्ती गेली. आता चालकच आधी बॅलन्स बघतो. त्याच्या डोक्यावरचा भार उतरवणारं तंत्र तो बिनबोभाट घेतो.

वाहतूकशास्त्र
मान्य. "उपयोग कुणाला" हा प्रश्न मूळ प्रारूपात एकाच माणसापुरता आहे. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असला की ते अपुरं पडतं.

बाराबंदी
एबीएसवर, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेवर, येऊ. जुन्या चालकाचा पाय पंप मारायला शिकलेला आहे: दाब-सोड, दाब-सोड, म्हणजे चाकं जाम होत नाहीत. तेच काम एबीएस सेकंदाला कित्येक वेळा करतं. माणूसही पंप मारत बसला तर दोघांचं भांडण होतं आणि गाडी लांब जाते. एबीएस असलेल्या गाडीवर आणीबाणीत पूर्ण पाय, सोडायचा नाही, आणि स्टिअरिंग वळवायचं. स्टिअरिंग ऐकतं, हाच त्याचा खरा फायदा.

एअरब्रेकच्या मोठ्या बसमध्ये पेडल फारसं थरथरत नाही, चाकांजवळच्या व्हॉल्व्हमधून हवा सुटल्याचा फुसफुस आवाज येतो. छोट्या, तेलावरच्या ब्रेकच्या बसमध्ये पेडल पायाला धक्के देतं. दोन्ही प्रकारांत चालक घाबरून पाय काढतो, नेमका नको तेव्हा. हे तोंडी सांगून उपयोग नाही. मोकळं मैदान घ्या, जमीन पाण्यानं भिजवा, रिकामी गाडी, पट्टा लावलेला, ३० आणि मग ४० च्या वेगाला पूर्ण ब्रेक. प्रत्येकाला तीनदा. तिसऱ्या वेळी पाय आपोआप दाबलेला राहतो.

मात्र चालक म्हणतात की मुरमावर एबीएसची गाडी लांब जाते, ते खोटं नाही. सुट्या मुरमावर जाम झालेलं चाक पुढं मातीचा ढीग करतं आणि लवकर थांबतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, ढीग होत नाही. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर वेगच कमी ठेवणं, दुसरा इलाज नाही. हे त्यांना कबूल करून सांगा, मग बाकीचं ऐकतात.

होटगीरोड
एबीएसचा दिवा लागून राहिला की फ्यूज काढून टाकायची पद्धत आहे. नव्वद टक्के दुखणं चाकाच्या सेन्सरचं. (आकडा ठोकून दिलाय, पण अनुभवी लोक मान हलवतील.) हबच्या बेअरिंगला ढिलाई आली की दातेरी रिंग सेन्सरला मागे ढकलते. अंतर ०.७ मिमीच्या पुढे गेलं की सिग्नल तुटतो. सेन्सर स्प्रिंग-बुशात बसवलेला असतो. हाताने पुढे ढकलून रिंगला टेकवायचा आणि चाक फिरवायचं, योग्य अंतर आपोआप बसतं. हातोडी नको. पुन्हा मागे गेला तर बेअरिंगची ढिलाई काढा, सेन्सर बदलून भागणार नाही. उसाच्या हंगामात चिखल आणि मळी रिंगच्या दातांत भरते, तिथे आधी पाण्याचा फवारा मारा.

तपासणी अशी: किल्ली ऑन केली की दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळात किंवा गाडी दहाच्या वेगाला जाईपर्यंत विझला पाहिजे. किल्ली ऑन करून दिवा लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणी काढलाय.

सातरस्ता
फार उपयोगी. आता उरले गव्हर्नर (वेगमर्यादक) आणि जीपीएस. यावर आवाज सर्वांत चढतो.

डिझेलमिस्त्री
गव्हर्नर थोडक्यात. २०१५ च्या बदलानुसार केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ खाली व्यापारी वाहनांना ८०, आणि स्कूलबस, टँकर, डंपर यांना ६० ची मर्यादा. नव्या गाड्यांत हे इसीएमच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) आतच असतं, जुन्यांत बाहेरून बसवलेला डबा. तक्रार एकच: उसाची दोन ट्रॉल्यांची रांग ओलांडताना मध्येच ओढ बंद होते. ओढ बंद होत नाही, साठाला पोचलेली असते. ट्रॅक्टर पंचवीसने चाललाय तर साठ पुरतात, पंचेचाळीसच्या ट्रकला ओलांडायला पुरत नाहीत. म्हणजे ओलांडायचंच नाही. वेगाच्या सेन्सरशी छेडछाड करणारे विसरतात की जीपीएस उपग्रहावरून वेग वेगळा मोजतो. दोन आकडे जुळत नाहीत आणि पकडले जातात.

वाहतूकशास्त्र
जीपीएसच्या डब्याबद्दल. एआयएस-१४० या मानकाने प्रमाणित यंत्रं १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक सेवा वाहनांत सक्तीची आहेत. आत सिम, उपग्रह रिसीव्हर आणि मुख्य वीज तोडली तरी किमान चार तास चालणारी बॅटरी असते, शिवाय आणीबाणीची बटणं. वायर उपटली की "वीज तुटली" असा संदेश जातोच.

विरोध पाळतीला आहे, आणि तो मालकाच्या वापरावर ठरतो. रोजच्या "जोरात ब्रेक" सूचना मोजून दंड केला तर काय होईल? सोलापुरातल्या गतिरोधकांची उंची बघता निम्म्या सूचना तिथल्याच येतील, आणि चालक अलार्म टाळायला ब्रेकच उशिरा मारेल. उभ्या गाडीचं ठिकाण पंधरा-वीस मीटर सरकतं, कधी क्षणभर वेगाचा खोटा आकडाही येतो. म्हणून एका क्षणाच्या नोंदीवर काही ठरवू नये, सलग दहा-पंधरा सेकंदांची नोंद बघावी. आणि तीच नोंद चालकाच्या बाजूने वापरून दाखवावी. "बस आलीच नाही" अशी पालकांची तक्रार आली की नोंद उघडायची, ७.१२ ला थांब्यावर दीड मिनिट उभी होती. असं एक प्रकरण डब्याबद्दलचं मत जितकं बदलतं तितकं परिपत्रक बदलत नाही.

कडबागंज
झोप ओळखणारे कॅमेरे बाहेरून बसवून घेतात त्यांच्यासाठी: तोंडावर ऊन, चष्मा किंवा गमछा असला की उगाच कोकलतात. कोन आणि संवेदनशीलता बसवणाऱ्याकडून सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन्ही उन्हात तपासून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी भिंगावर चिकटपट्टी दिसेल. लेन ओळखणारं तर पट्टे पुसलेल्या रस्त्यावर बंदच बरं.

गॉथिक_कमान
थोडं अवांतर. मागे बघायचा कॅमेरा मात्र मिशनच्या जुन्या शाळांच्या चालकांनी सर्वांत आधी मागून घेतला, आणि कारण इतिहासात आहे. या शाळा चर्चच्या आवारात, रेल्वे किंवा छावणीच्या वस्तीजवळ उभ्या राहिल्या. त्या काळी मुलं पायी नाहीतर टांग्याने येत. त्या मापाच्या फाटकातून आता चाळीस आसनी बस उलटी घ्यावी लागते, आणि मागे मुलं.

होटगीरोड
अवांतर चालेल. अशा फाटकांसाठी एक गोष्ट: कॅमेऱ्यातल्या रंगीत रेघा रिकाम्या गाडीवर जुळवतात. मुलं भरल्यावर मागची बाजू बसते आणि रेघ जवळ सरकते. भरलेल्या गाडीवर, जमिनीवर एक मीटरला चुन्याची रेघ मारून जुळवून घ्या. आणि कॅमेरा असला तरी मदतनीस खाली उतरलाच पाहिजे, भिंगाच्या बाजूला बसलेलं मूल दिसत नाही.

बाराबंदी
सातरस्तासाहेब, प्रशिक्षणाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. वर्गात बसवून पडद्यावर चित्रं दाखवायला रविवार घालवू नका. गाडीजवळ अडीच तास, एका वेळी सहाच चालक. तीन कामं: प्रत्येकानं स्वतः उभं रीजन चालू करून संपेपर्यंत थांबायचं, स्वतः डीईएफ भरायचं, आणि भिजल्या मैदानावर ब्रेक. दिव्यांचं पत्रक रंगीत छापा, लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे चालव पण आज दाखव. आपल्याकडं चालकांत कन्नड, तेलुगू, उर्दू घरात बोलणारे बरेच, म्हणून अक्षरं कमी आणि चित्रं मोठी. शिकवायला कंपनीचा माणूस असू दे, पण शेजारी ताफ्यातला सगळ्यात हट्टी जुना चालक उभा करा. त्याला दोन दिवस आधी एकट्याला शिकवायचं, मग त्यानं इतरांना सांगायचं. त्याचं ऐकतात ते कंपनीवाल्याचं ऐकत नाहीत.

आणि नव्या गाडीवर पहिले तीन महिने बिघाडाची कपात करायची नाही, हे लिहून द्या. त्याशिवाय कुणी दिवा लागलेला दाखवणार नाही, काळी टेप लावतील.

सातरस्ता
लेखी द्यायचं मान्य. शेवटचा प्रश्न, उन्हाळी सुट्टीत बस दीड महिना उभी राहते. जून उघडला की निम्म्या सुरू होत नाहीत आणि दोष पुन्हा नव्या तंत्राला.

डिझेलमिस्त्री
दोन कारणं. जीपीएसचा डबा बंद गाडीतही थोडी वीज खात राहतो, दीड महिन्यात बॅटरी बसते. आणि डीईएफ उष्णतेने खराब होतो. २५ अंशांत ते साधारण दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहा महिनेच, आणि आपल्या मेमध्ये उन्हात उभ्या बसची टाकी त्याहून तापते.

सुट्टी लागताना डीपीएफची लांब फेरी मारून जाळी मोकळी करून गाडी उभी करा. युरिया टाकी पाव ते अर्धी ठेवा, म्हणजे जूनमध्ये ताजा युरिया भरता येतो. टाकीची बाजू सावलीकडे. दर आठवड्याला एकदा गाडी आवाराबाहेर काढून अर्धा तास चालवा, उभ्या उभ्या आयडलवर ठेवू नका, काजळी वाढते. त्यासाठी एका चालकाला सुट्टीतला पगार द्यावा लागेल. दोन बॅटऱ्यांच्या किमतीत तो बसतो, हिशेब करून बघा. जूनच्या पहिल्या सुरुवातीला किल्ली ऑन करून तीस सेकंद थांबा, दिवे विझू द्या, मग सेल्फ मारा. युरिया जुना वाटला तर रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या साधनाने) एक थेंब तपासा, ३२.५ च्या आसपास दिसला पाहिजे. फरक असेल तर टाकी रिकामी करून शुद्ध डीमिनरलाइज्ड पाण्याने धुवा. नळाचं पाणी नको.